परदेशातली पहाट, देहातली मध्यरात्र

परदेशी सहलीच्या सामानात चिवडा, भाकरवडी आणि औषधांची पिशवी यांच्या जोडीला अलीकडे धावण्याचे बूटही हमखास असतात. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासून होत असली, तरी सामान्य नोकरदाराच्या दिनक्रमात धावणे शिरले ते प्रामुख्याने २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. पुढे २०१२मध्ये साताऱ्याच्या घाटात अर्धमॅरेथॉन सुरू झाली आणि या छंदाला शिस्तीचे, क्वचित व्रताचेही रूप आले. अशा मंडळींना चार दिवस धावणे चुकले की चुकल्याचुकल्यासारखे होते. शिवाय नवे शहर पाहायचे, तर ते पहाटे पायी पाहण्यासारखी दुसरी रीत नाही. दुकानांच्या फळ्या उघडण्यापूर्वीचे रस्ते, दूध-भाजीच्या गाड्या, झाडलोट करणारे कामगार, कुत्र्यांना फिरवणारी म्हातारी माणसे हे सारे सहलीच्या बसमधून कधीच दिसत नाही. त्यामुळे सहप्रवासी साखरझोपेत असताना हॉटेलबाहेर पडून तासाभरात धावून यावे, हा बेत कागदावर फार सुरेख वाटतो.

प्रश्न एवढाच, की ही पहाट कोणाची? भिंतीवरच्या घड्याळाची, की धावणाऱ्याच्या देहाची? भारतातून टोकियोला जाणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. पहाटे धावण्यासाठी जगात जी मोजकी ठिकाणे नावाजली गेली, त्यांत टोकियोच्या राजप्रासादाभोवतीची वाट अग्रभागी आहे. आणि भारतातून गेलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी, पहिल्याच उजेडात धावू नये असे एखादे शहर असेल, तर तेही टोकियोच.

याचे मूळ थोडेसे भूगोलात आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मुंबई आहे ७२.८ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईत सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३९ मिनिटे उशिरा येतो. जपानचे उलट आहे. तेथील प्रमाणवेळ आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंश रेखांशावर बेतलेली, आणि टोकियो त्याच्याही पूर्वेला, १३९.७ अंशांवर, म्हणजे तेथे सूर्य सुमारे १९ मिनिटे लवकर उगवतो. त्यात टोकियो मुंबईपेक्षा बरेच उत्तरेला असल्याने उन्हाळ्यात दिवस अधिक लांब. युरोप-अमेरिकेप्रमाणे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत जपानमध्ये नाही, म्हणून हा सगळा उजेड पहाटेच्या पदरात पडतो. जूनमध्ये मुंबईचा सूर्योदय सहाच्या सुमारास, तर टोकियोचा ४ वाजून २५ मिनिटांनी! चेरीच्या बहरात, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, टोकियोत साडेपाचला उजाडते. भारतीय पर्यटकांची या दिवसांत तेथे मोठी गर्दी असते.

दोन देशांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर आहे आणि जपान पुढे आहे. टोकियोत साडेपाचला उजाडते, तेव्हा मुंबईत रात्रीचे दोन वाजलेले असतात. खोलीच्या पडद्याच्या फटीतून ऊन आत येते, माणूस दचकून जागा होतो, ‘वा, छान उजाडले’ असे म्हणत बुटांच्या नाड्या बांधतो. देह मात्र अजून दादरच्या किंवा डेक्कनच्या मध्यरात्रीतच असतो.

देहाचे हे घड्याळ म्हणजे काही अलंकारिक कल्पना नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, भूक, संप्रेरके, शरीराचे आतले तापमान या सर्वांची दैनिक लय हा पुंजका राखतो. या पेशींच्या आत काही जनुके प्रथिने तयार करवतात, ती प्रथिने साचली की त्याच जनुकांना थोपवतात, प्रथिने विरली की जनुके पुन्हा कामाला लागतात. या फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. या यंत्रणेचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाचे हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते. सरासरीने ते किंचित मोठे, चोवीस तास आणि दहा-बारा मिनिटांचे भरते. म्हणजे त्याचा स्वाभाविक कल रोज थोडे मागे रेंगाळण्याकडे आहे. रात्री उशिरापर्यंत जागणे बहुतेकांना सहज जमते आणि लवकर झोपी जाणे जड जाते, त्याचे एक कारण हेच. पश्चिमेकडचा प्रवास सोपा आणि पूर्वेकडचा कठीण, हा प्रवाशांचा जुना अनुभवही यातूनच येतो. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे रेटायचे असते, आणि ते आपणहून मागे जायला तयारच असते. पूर्वेला जाताना मात्र त्याला ओढून पुढे आणावे लागते. साधारण हिशेबाने देह दिवसाला एखाद्या तासाने जुळवून घेतो, पूर्वेकडे त्याहूनही संथपणे. तेव्हा टोकियोचा साडेतीन तासांचा फरक भरून यायला चार-पाच दिवस लागले, तर त्यात आश्चर्य नाही. बहुतेकांची सहल आठ दिवसांची असते, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

घड्याळ रोज पुसून पुन्हा लावण्याचे काम प्रामुख्याने उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी थेट संबंध नसलेल्या काही खास पेशी असतात. त्या केवळ उजेडाची, त्यातही निळसर उजेडाची, वर्दी त्या पुंजक्याला देतात. ‘परदेशात उतरल्यावर सकाळचे ऊन घ्या, जेट लॅग पळेल’ हा सल्ला सर्वतोमुखी झाला आहे, तो याच्याच आधारावर. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि पूर्वेला निघालेल्या भारतीयाला तो नेमका उलटा पडू शकतो.

कारण उजेड घड्याळाला कोणत्या दिशेने ढकलणार, हे तो देहाच्या कोणत्या प्रहरी डोळ्यांत शिरतो यावर ठरते. झोपेत शरीराचे आतले तापमान उतरत जाते आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेपूर्वी दोन-अडीच तास ते नीचांकाला पोहोचते. हा नीचांक म्हणजे देहाच्या रात्रीचा पाणलोट समजावा. डोंगराच्या धारेवर पडलेले पाणी अलीकडे पडले तर एका नदीला आणि पलीकडे पडले तर दुसऱ्या नदीला मिळते, तसेच येथे होते. नीचांकापूर्वी डोळ्यांत गेलेला उजेड देहाला सांगतो, की ‘अजून संध्याकाळ सरलेली नाही’, आणि घड्याळ मागे सरकते. नीचांकानंतरचा उजेड सांगतो, की ‘सकाळ झाली’, आणि घड्याळ पुढे येते.

आता मुंबईत रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणारा कोणी गृहस्थ घेऊ. त्याचा नीचांक पहाटे साडेतीन ते चारच्या सुमारास. टोकियोच्या घड्याळाप्रमाणे ही वेळ झाली सकाळचे सात ते साडेसात. हा गृहस्थ पहिल्या दिवशी साडेपाचला उठून तासभर स्वच्छ उन्हात धावला, तर त्याने घेतलेला सगळा उजेड नीचांकाच्या आधीचा ठरतो. देहाला पूर्वेकडे, पुढे ओढायचे असताना त्याने तो पश्चिमेकडे, मागे ढकललेला असतो. त्या रात्री त्याला एक-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी क्योतोच्या गाडीत तो पेंगतो, आणि ‘एवढे धावूनसुद्धा जेट लॅग जाईना’ म्हणून नवल करीत बसतो. वस्तुत: धावण्याने बिघडलेले नसते, धावण्याच्या वेळेने बिघडलेले असते.

यातून एक सोपा अदमास काढता येतो. घरी ज्या वेळेला जाग येते, त्यात एक तास मिळवला की टोकियोच्या घड्याळाप्रमाणे आपला नीचांक साधारण केव्हा संपतो ते कळते. सावधगिरी म्हणून आणखी तासभर धरावा. म्हणजे घरी सहाला उठणाऱ्याने पहिल्या दिवशी आठनंतर बाहेर पडावे. रोज पहाटे साडेचारला उठून धावपट्टी गाठणारे जे निष्ठावंत आहेत, त्यांना मात्र हा त्रास निम्म्याहून कमी; साडेसहानंतर त्यांना मोकळीक आहे. धावण्याच्या छंदाने दिलेला हा अनपेक्षित लाभ म्हणायचा. पुढे रोज तासाभराने वेळ अलीकडे आणत गेल्यास चौथ्या-पाचव्या दिवशी खऱ्याखुऱ्या पहाटे धावता येते, आणि तोवर डोळेही आपोआप त्या वेळी उघडू लागतात. प्रवासापूर्वी तीन-चार दिवस घरीच रोज अर्धा तास लवकर झोपून लवकर उठण्याची सवय केली, तर त्यातलेही एक-दोन दिवस वाचतात. पण सहलीच्या आदल्या आठवड्यात लवकर झोपायला मिळणारे घर विरळाच.

हाच गृहस्थ उन्हाळ्यात पॅरिसला गेला असता, तर सारे चित्र पालटले असते. जून महिन्यात पॅरिस भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे अंतर टोकियोइतकेच, दिशा तेवढी उलटी. मुंबईचे सकाळचे सहा म्हणजे पॅरिसचे रात्रीचे अडीच. त्याला मध्यरात्रीच टक्क जाग येईल आणि सूर्योदय होईपर्यंत, म्हणजे पावणेसहापर्यंत, कूस बदलत पडावे लागेल. त्यानंतर सीन नदीच्या काठाने धावताना त्याच्या देहात सव्वानऊ वाजलेले असतील. स्नायू सैल, डोके ताजे. या धावण्याने घड्याळाचे फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधारतही नाही. नीचांक उलटून बराच वेळ झालेला असल्याने उजेडाचा जोर ओसरलेला असतो. पॅरिसमध्ये जेट लॅगवर उतारा पडतो तो संध्याकाळच्या उन्हाचा. रात्री पावणेदहापर्यंत तेथे जूनमध्ये ऊन असते आणि ते नेमके देहाला मागे ढकलते. म्हणून युरोपात संध्याकाळी जेवणाआधी पाय मोकळे करावेत. तेथे धावताना खरा धोका निराळा आहे. वाहने उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना भारतीयाची मान सवयीने आधी उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून. जपानमध्ये वाहतूक भारताप्रमाणेच डावीकडून असल्याने निदान ही चिंता नाही.

टोकियोच्या पहिल्या पहाटे न धावण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते झोपेपेक्षा गंभीर आहे. तापमानाच्या नीचांकाच्या आसपास माणसाची प्रतिक्रिया सर्वांत मंद असते, लक्ष भरकटते, सांधे-स्नायू आखडलेले असतात. त्यात आदल्या दिवशी विमानात सात-आठ तास बसणे झालेले. केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसून साधारणत: दोन हजार मीटर उंचीवर असावा तसा असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. पाय सुजतात, पाणी कमी पडते. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले होते. मूळ धोकाच लहान असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अकारण धाप लागली, तर ते ‘प्रवासाचे अवघडलेपण’ समजून धावून मोकळे करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. थेट डॉक्टर गाठावा. पहिला दिवस चालण्याचा, भरपूर पाणी पिण्याचा. आणि सहल कंपनीची बस सकाळी आठलाच निघणार असेल, तर मुकाट्याने खिडकीजवळची जागा पकडावी, इतकेच. आठनंतर काचेतून येणारे ऊनही आपले काम काही प्रमाणात करतेच.

एवढे पथ्य पाळल्यावर जी वाट वाट्याला येते, ती मात्र त्या पथ्याचे सार्थक करणारी आहे.

टोकियोच्या मध्यभागी सम्राटाचा प्रासाद आहे आणि त्याभोवती जुन्या एदो किल्ल्याचे खंदक. ओता दोकान या सरदाराने १४५७ साली येथे गढी बांधली. १५९०मध्ये तोकुगावा इएयासू येथे आला आणि पुढे त्याच्या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे येथूनच देशाचा कारभार हाकला. किल्ल्याचा प्रचंड मनोरा १६५७च्या आगीत जळाला, तो पुन्हा कधी बांधलाच नाही. १८६८मध्ये सम्राट मेइजी क्योतोहून येथे आला आणि किल्ल्याचा राजप्रासाद झाला. या खंदकांच्या बाहेरच्या कडेने जाणारा पदपथ सुमारे पाच किलोमीटरचा आहे आणि संपूर्ण फेरीत एकही वाहतूक दिवा नाही, एकही रस्ता ओलांडावा लागत नाही. कोट्यवधींच्या महानगराच्या ऐन काळजात अशी सलग वाट असणे, हीच या जागेची किमया.

परक्या माणसाला तर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. येथे वाट चुकणे अशक्य आहे. रिवाज असा, की सर्वांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावायचे; म्हणजे खंदक सतत डाव्या हाताला राहतो. आपल्याकडे देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवण्याची सवय, त्यामुळे मराठी माणसाचे पाऊल पहिल्यांदा हमखास चुकीच्या बाजूला वळते. पदपथावर दर शंभर मीटरवर जपानच्या एकेका प्रांताचे फूल कोरलेली फरशी बसवलेली आहे. मनगटावरचे यंत्र नसले तरी फुले मोजत अंतर कळते.

बहुतेक जण साकुरादामोन या दक्षिणेकडच्या वेशीपाशी, घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत जमतात. समोरच पोलिस मुख्यालयाची इमारत आहे. याच वेशीबाहेर १८६० साली मार्च महिन्यात, बर्फ पडत असताना, शोगुनचा मुख्य मंत्री ई नाओसुके याची सामुराईंनी हत्या केली. परकीयांशी व्यापारी करार केल्याचा राग त्यामागे होता, आणि त्यानंतर आठच वर्षांत शोगुनशाही कोसळली. आज तेथे कार्यालयीन कारकून पोटऱ्या ताणताना दिसतात. तेथून पुढे काळ्या पाइन वृक्षांचे विस्तीर्ण पटांगण, निजूबाशीचा प्रसिद्ध पूल, मग ओतेमोनची भव्य वेस. उजव्या हाताला मारुनोउचीच्या काचेच्या इमारती, डाव्या हाताला चुन्याशिवाय रचलेले चारशे वर्षांपूर्वीचे दगड. हा भाग सपाट असल्याने नवखा माणूस जोशात येतो, आणि ताकेबाशीच्या पुलापाशी फसतो. तेथून चिदोरिगाफुचीपर्यंत चढ लागतो. एकूण उंची फार नाही, तीसेक मीटरच असेल. पण सातारा-पाचगणीच्या मानाने क्षुल्लक असलेला हा चढ झोपमोड झालेल्या देहाला चांगलाच जाणवतो. चेरीच्या दिवसांत चिदोरिगाफुचीच्या खंदकावर फांद्या ओणवून पाण्याला टेकतात. वाट हांझोमोनपाशी सर्वोच्च बिंदू गाठते आणि तेथून साकुरादामोनपर्यंत सलग उतार आहे. खंदक येथे सर्वांत रुंद होतो, त्याचे गवताळ उतार पाण्यापर्यंत जातात, पलीकडे शहराच्या इमारतींची रांग, आणि उजव्या बाजूला मध्येच संसद भवनाचा मनोरा डोकावतो. फेरीतला सर्वांत देखणा भाग शेवटी येतो, तोही उताराने. उलट दिशेने धावणाऱ्याला हे सुख नाही.

येथे धावण्याची प्रथा १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर रुजली. २००७मध्ये टोकियो मॅरेथॉन सुरू झाल्यावर तर तिला उधाण आले. पूर्वी धावपटू जवळच्या सार्वजनिक स्नानगृहांत, ज्यांना जपानीत सेन्तो म्हणतात, कपडे ठेवून धावायला जात आणि परत येऊन तेथेच आंघोळ करीत. पुढे खास धावणाऱ्यांसाठी कपाटे, शॉवर, भाड्याने बूट आणि कपडे देणारी केंद्रे आसपास उभी राहिली. ती सगळीच भल्या पहाटे उघडी असतात असे नाही. हॉटेल जवळ असेल तर त्यांची गरजही नाही.

या लोकप्रियतेची दुसरी बाजू अशी, की हा मूळचा पदपथ आहे, धावपट्टी नव्हे. तेथून कर्मचारी कामाला जातात, वृद्ध फिरतात, आई-बापे बाबागाड्या ढकलतात, पर्यटक छायाचित्रे काढतात. जपानमध्ये सायकलीही बरेचदा पदपथावरूनच जातात. धावणाऱ्यांची गर्दी वाढली तशा धडकाधडकी झाल्या, तक्रारी आल्या. बंदी घालावी असाही सूर निघू शकला असता. चियोदा या स्थानिक प्रभागाने आणि तेथील मंडळींनी शिष्टाचाराचे नियम ठरवून फलक लावले. पहिला हक्क चालणाऱ्याचा, एकाच दिशेने धावावे, ओळीने पसरून वाट अडवू नये, अरुंद जागी एकामागे एक जावे, वेळ नोंदवण्याच्या नादात वेग वाढवू नये, फोन पाहत धावू नये, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप. या नियमांना दंडाचे बळ नाही. बहुतेक लोक ते पाळतात, एवढेच. परदेशातून आलेल्या चौघा-पाचजणांच्या घोळक्याने गप्पा मारत, हातात हात घालावा तसे पसरून धावणे येथे विशेष खुपते. कोणी काही बोलत नाही, हे खरे. पण बोलत नाहीत म्हणजे चालते, असा अर्थ जपानमध्ये काढू नये. मागून येऊन पुढे जाताना टाळी वाजवून किंवा ओरडून वाट मागण्याची आपली रीतही घरी ठेवून यावी. तेथे वेग कमी करून जागा मिळेपर्यंत थांबतात.

धावायला निघताना खिसे रिकामे ठेवण्याची धावपटूंची वृत्ती असते. जपानमध्ये ती महागात पडू शकते. अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सदैव जवळ बाळगला पाहिजे, असा तेथील कायदा आहे. न बाळगल्यास एक लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. छायाप्रत किंवा फोनमधील चित्र यावर काम भागत नाही. प्रासादाच्या परिसरात पोलिस ठिकठिकाणी असतात, आणि त्यांनी विचारले तर पासपोर्ट दाखवावा लागतो. घामाने तो भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवावा. त्याच्याबरोबर हॉटेलचे जपानी लिपीत नाव-पत्ता असलेले कार्ड आणि थोडी नाणी असावीत. पाण्याची चिंता नाही, पावलोपावली पेयांची यंत्रे आहेत. चिंता आहे ती रिकाम्या बाटलीची, कारण रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नसतातच. यंत्राशेजारी बाटल्यांसाठी वेगळी पेटी असते. तेथेच उभे राहून पाणी प्यावे आणि बाटली त्यात टाकून पुढे जावे. रस्ता विचारायचा झाल्यास कोबान, म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलिस चौकी, हा सर्वोत्तम आधार. नकाशा दाखवून मार्ग सांगणे हे तेथील पोलिसांचे नित्याचे काम आहे.

ऋतूचा विचारही करायला हवा. मुंबईच्या दमटपणाला सरावलेल्यांना टोकियोच्या जुलै-ऑगस्टचे काय, असे वाटू शकते. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्म्याच्या भीतीने उत्तरेकडच्या साप्पोरोला हलवण्याचा निर्णय २०१९मध्ये झाला. २०२१च्या ऑगस्टमध्ये ती तेथे झाली तेव्हाही उकाडा एवढा वाढला, की महिलांची शर्यत सातऐवजी सहाला सुरू करण्याचे आदल्या रात्री ठरले. या महिन्यांत आठनंतरचे ऊन पहिल्या दिवशी देहाच्या घड्याळाला उपकारक असले, तरी धावायला मुळीच योग्य नाही; तेव्हा सकाळी खंदकाकाठी सावलीत चालावे आणि धावणे तीन-चार दिवसांनी, खऱ्या पहाटेसाठी राखून ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि थंडी कोरडी असते. तेव्हा उजेडाचे वेळापत्रक आपोआप जुळते. हातमोजे आणि कान झाकणारी टोपी एवढेच लागते. मात्र २ जानेवारी आणि सम्राटाचा वाढदिवस, म्हणजे २३ फेब्रुवारी, या दोन दिवशी प्रासाद जनतेच्या अभिवादनासाठी उघडतात. निजूबाशीच्या बाजूला सकाळपासून रांगा लागतात, सुरक्षेची तपासणी असते. त्या दिवशी धावण्याचे बूट खोलीत ठेवून, पासपोर्ट मात्र जवळ ठेवून, रांगेत उभे राहिलेले बरे.